भिंगवाल्यांचा ग्रह

लेक बोलली ते अगदी सहज बोलली. तिच्या एका हातात टोस्ट होता आणि दुसऱ्या हातात आईची कथा छापून आलेला अंक. पुरस्काराचं पत्र येऊन दोनच दिवस झाले होते, म्हणून तिने पहिल्यांदाच ती कथा नीट वाचायला घेतली होती.

"आई, हा तर भिंगवाल्या काकांचा ग्रह! माझा पहिला चष्मा करायला गेलो होतो ना, तेव्हा त्यांनी मला सांगितला होता."

बाईंनी गॅस बारीक केला. तसा तो बारीकच होता.

"ग्रह त्यांनी सांगितला होता," त्या म्हणाल्या, "पण गोष्ट माझी आहे."

"हो का? बरं." लेकीने टोस्टचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि ती कॉलेजला निघून गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. बाई मात्र ओट्यापाशी तशाच उभ्या राहिल्या. गेलं वर्षभर जे त्यांनी स्वतःला विचारायचं टाळलं होतं, ते पोरीने टोस्ट खाता खाता बोलून टाकलं होतं.

बाई एका मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढायच्या. "श्वास घ्या, रोखून धरा, सोडा," हे त्या दिवसातून साठ-सत्तर वेळा म्हणत, आणि उरलेल्या वेळात लिहीत. दुसऱ्या ग्रहांवरच्या, पुढच्या शतकांतल्या कथा आणि कविता. सुरुवातीची कितीतरी वर्षं त्यांना कुणी दारात उभं केलं नाही. कथावाले म्हणत, हिच्या कथेत काव्यच फार. कवी म्हणत, यंत्रमानवाला विरह होतो ही काय कविता झाली? शेवटी वैतागून त्यांनी आपल्यासारखेच चार जण गोळा केले आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत एक मंडळ काढलं. गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर अध्यक्ष झाले, बाई चिटणीस. तेव्हापासून सगळे त्यांना चिटणीसबाई म्हणू लागले. मंडळाच्या पत्रकावर पहिलीच ओळ बाईंनी लिहिली होती, "इथे प्रत्येकाचं ऐकलं जाईल." त्या ओळीचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

भिंगवाले मंडळात आले ते दुसऱ्या वर्षी. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ते भिंगं घासायचं काम करत. बोलताना अडखळत. एखाद्या शब्दापाशी आले की ओठ मिटत, मान जराशी डावीकडे वळे, आणि मग बराच वेळ काहीच होत नसे. ऐकणाऱ्याचाच जीव टांगणीला लागे. मग शब्द येई. त्यांच्या कविता लहान असत, दहा-बारा ओळींच्या, पण खोलीत बसलेल्या सगळ्यांना आतून ठाऊक होतं की आपल्यात खरा कवी हा एकच आहे.

मंडळ वाढलं, वीस-बावीस माणसं येऊ लागली. वाचनालय सातला बंद होई आणि निम्म्या लोकांची पाळीच येत नसे. तेव्हा बाईंनी नियम मांडला की प्रत्येकाला पाच मिनिटं. मोबाइलवर गजर लावायचा, वाजला की थांबायचं. सगळ्यांनी हात वर केले. भिंगवाल्यांनीही केला.

पहिल्या खेपेला त्यांची तिसरी ओळ चालू असताना गजर झाला. ते हसले आणि खाली बसले. दुसऱ्या खेपेला चौथीवर झाला. तिसऱ्या खेपेला बाईंना बघवेना. "द्या, मी वाचते," म्हणत त्यांनी हात पुढे केला. भिंगवाल्यांनी क्षणभर त्या हाताकडे पाहिलं आणि कागद दिला. बाईंचा आवाज स्वच्छ, उच्चार नेटके. कविता मिनिटाच्या आत वाचून झाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवताना सगळे बाईंकडे बघत होते. हे बाईंना तेव्हाही दिसलं होतं.

मग तसा पायंडाच पडला. भिंगवाले आले की मुकाट्याने कागद बाईंच्या पुढ्यात ठेवत आणि कडेच्या खुर्चीत बसत. "कविता वाचावी तर बाईंनीच," असं लोक म्हणू लागले. दुसऱ्या मंडळांतून बाईंना वाचनाची आमंत्रणं येऊ लागली. सात-आठ महिन्यांनी भिंगवाले यायचे बंद झाले. बाईंनी इतिवृत्तात दोनदा 'गैरहजर' लिहिलं. तिसऱ्यांदा त्यांचं नाव यादीतच घेतलं नाही.

ग्रहाची गोष्ट त्याआधीची. एका शनिवारी वाचनालयाच्या पायऱ्यांवर उभं राहून भिंगवाल्यांनी ती सांगितली होती. असा एक ग्रह, जिथे आवाज फार सावकाश चालतो. सकाळी बोललेलं समोरच्याला संध्याकाळी ऐकू येतं. त्यामुळे ज्याला बोलायचंय आणि ज्याला ऐकायचंय, ते दोघं दिवसभर एकमेकांसमोर बसून राहतात. कुणीच कुणाला तोडत नाही, कारण तोडताच येत नाही. एवढं सांगायला त्यांना अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात बाईंनी आपल्या दोन बस सोडल्या होत्या, आणि हा आपला मोठेपणा म्हणून पुढे बरीच वर्षं लक्षात ठेवला होता.

कथा त्यांनी दहा वर्षांनी लिहिली. लिहिताना तो ग्रह आपलाच वाटत होता. पात्रं त्यांची, प्रसंग त्यांचे, त्या ग्रहावरच्या एका आईचं मरण त्यांचं. पण पुरस्काराच्या पत्रात आईच्या मरणाबद्दल अक्षरही नव्हतं. 'ज्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाही त्यांना सामावून घेणाऱ्या अपूर्व कल्पनेसाठी,' असं तिथे छापलं होतं. नवऱ्याने ते वाक्य कौतुकाने चार वेळा मोठ्याने वाचलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी बाईंनी नवऱ्यापाशी विषय काढला.

"म्हणजे तू चोरलीस असं म्हणायचंय का तुला?" तो म्हणाला. "अगं, कल्पना काय, हवेत असतात. त्यांनी दहा वर्षांत काय केलं तिचं?"

बाईंना त्या बोलण्याचा आधार वाटला, आणि आधार वाटला याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून त्या चष्म्याच्या दुकानात गेल्या.

मागची खोली अरुंद होती. घासण्याच्या चाकावर पाण्याची बारीक धार पडत होती आणि पांढरं पाणी खालच्या पातेल्यात जमत होतं. भिंगवाल्यांचे केस पार पिकले होते. बाईंना पाहून त्यांनी चाक बंद केलं, हात पुसले आणि स्टूल पुढे सरकवलं.

"अ-अभिनंदन," ते म्हणाले. म्हणजे कळलं होतं.

बाईंनी वाटेत जुळवलेलं सगळं भाषण एका दमात म्हणून टाकलं. ग्रह तुमचा, मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही, फार चुकलं. भिंगवाले ऐकत होते. मग ते बोलू लागले. "मला त्या कथेचं काही... खरं तर माझाच आ... आ..."

शब्द अडला. मान डावीकडे वळली. बाईंनी पाच सेकंद धरलं, सहा सेकंद धरलं. "आक्षेप?" त्या म्हणाल्या.

भिंगवाल्यांनी डोळे मिटले. पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं आणि शेवटी शब्द आला. "आळस." मग ते हसले. "मी आळशी, बाई. दहा वर्षं नुसता म-मनात घोळवत बसलो. तुम्ही बघा, माझ्या तोंडात भांडण घालत होतात."

बाईही हसल्या, पण त्यांचे कान तापले होते.

"कल्पनेचं एवढं नाही," भिंगवाले सावकाश म्हणाले. पुढचं सांगायला त्यांना वेळ लागला, आणि बाईंनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. "तुम्ही कविता वाचायला घेतल्यात तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. ते वाईट. मला बरं वाटलं, ते वाईट. घरी गेल्यावर माझीच कविता मला माझ्या आवाजात ऐकू येईना. तुमच्याच आवाजात यायची. भरभर. मी ओळी तोडतो त्या जागा थांबायच्या असतात, बाई. तुम्ही त्या जागा उडवून टाकायचात."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"पाच मिनिटांत?"

बाईंनी पर्स मांडीवरून उचलून खाली ठेवली.

"आणि आता मी तो ग्रह लिहिला तर लोक म्हणतील, बाईंवरून उचलला," भिंगवाले म्हणाले. हे ते अगदी न अडखळता बोलले, आणि म्हणूनच बाईंना ते जास्त लागलं. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. घेतलेली वस्तू परत देता येईल असं त्या धरून चालल्या होत्या.

"मी समारंभात सगळं सांगते," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव घेऊन सांगते."

"नको." भिंगवाल्यांनी हात वर केला. "नाव नको, काही नको. मी विचार करतो. क-काय करायचं ते मी सांगेन. तोवर काही बोलू नका."

"बरं," बाई म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

समारंभ तीन आठवड्यांनी झाला. सभागृहात चारशे खुर्च्या, मंचावर फुलं, आणि मागच्या पडद्यावर बाईंचा फोटो एवढा मोठा की त्यांना स्वतःच्याच नाकाकडे बघवेना. भिंगवाल्यांचा निरोप आला नव्हता. बाईंनी दोनदा दुकानात फोन केला होता. मालकाने "सांगतो" म्हटलं होतं. बोलायची वेळ आली तेव्हा त्यांच्या हातात साधं आभाराचं भाषण होतं. पहिल्या रांगेत नवरा, लेक आणि मास्तर बसले होते. आधी बोललेल्या परीक्षकांनी तीनदा म्हटलं होतं की बाईंनी ज्यांना आवाज नाही त्यांना आवाज दिला.

बाईंनी भाषणाचा कागद घडी करून ठेवला. "या कथेतला ग्रह माझा नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या ओळखीचे एक कवी आहेत. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात. अडखळत बोलतात. ग्रह त्यांचा आहे. मी तो न विचारता घेतला."

बाईंना वाटलं, आता लोक उठतील, कुजबुज होईल, कुणीतरी प्रश्न विचारेल. त्यांनी मान खाली घालून वाट पाहिली. आणि टाळ्या सुरू झाल्या. आधी दोन-चार, मग सगळं सभागृह उभं राहिलं. परीक्षकांनी डोळे पुसले. "एवढा मोठा सन्मान मिळताना एवढी नम्रता!" असं कुणीतरी मंचावरच म्हणालं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मथळा होता, 'लेखिकेच्या प्रांजळपणाने सभागृह भारावले.'

बाईंना त्या टाळ्यांत उभं असताना दोन गोष्टी एकदम जाणवल्या. आपल्या छातीवरचं ओझं उतरलंय, ही एक. आणि आपण शब्द मोडलाय, ही दुसरी.

चौथ्या दिवशी भिंगवाले इस्पितळात आले. दुपारचे बारा वाजले होते, बाहेर बाकावर सात-आठ पेशंट होते. बाई एका म्हाताऱ्या गृहस्थांना एक्स-रेच्या पाटीसमोर उभं करत होत्या. ते झाल्यावर दार उघडलं तर समोर भिंगवाले, हातात वर्तमानपत्राची सुरळी.

"आत या," बाई म्हणाल्या. मदतनीस मुलीने घड्याळ दाखवून खूण केली. "बाहेर सांग, थोडा वेळ लागेल," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

भिंगवाले संतापलेले होते, आणि संतापले की त्यांना जास्तच अडायचं. पहिला शब्द यायलाच मिनिट लागलं. बाईंच्या जिभेवर तीन-चार शब्द येऊन उभे राहिले. त्यांनी दात आवळले.

"दुकानात लोक येतात," भिंगवाले म्हणाले. "चष्मा करायला नाही. मला ब-बघायला. काच पुसल्यासारखं करतात आणि मालकाला विचारतात, ते अडखळणारे हेच का? काल एक बाई आल्या. म्हणाल्या, बोला ना काहीतरी."

बाईंनी तोंडावर हात धरला.

"मी नको म्हटलं होतं."

"हो."

"नाव घेतलं नाहीत म्हणजे शब्द पाळलात असं वाटलं तुम्हाला?"

"वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "बोलता बोलता तसंच वाटलं. मला सहन होत नव्हतं, म्हणून बोलले."

"ओझं तुमचं होतं," भिंगवाले म्हणाले. मग फार वेळ काहीच आलं नाही. बाहेर कुणीतरी दार वाजवलं. बाई हलल्या नाहीत. भिंगवाल्यांची मान वळली, ओठ मिटले, कपाळावर घाम आला, आणि बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच त्या थांबण्याकडे नीट पाहिलं. त्यात गोंधळ नव्हता. शब्द त्यांना पक्का ठाऊक होता, ते त्याच्यापाशीच उभे होते. "तुम्ही ते उतरवून माझ्या दुकानात आणून ठेवलंत."

बाई रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर त्यांचं सांत्वन भिंगवाल्यांनाच करावं लागलं असतं, एवढं त्यांना समजलं. "चुकलं माझं," एवढंच त्या म्हणाल्या. "आता काय करू ते तुम्ही सांगा. सांगाल तेवढंच करेन."

"आता काही करू नका." भिंगवाले उठले. दारापाशी जाऊन पुन्हा वळले. "एक करा. त्या पत्रकावरची ओळ काढा. खोटी आहे."

पुढच्या बैठकीत बाईंनी ते सगळ्यांसमोर मांडलं. भिंगवाल्यांचं नाव त्यांनी घेतलं नाही, त्यांच्याविषयी काही सांगितलंही नाही. "पाच मिनिटांचा नियमही मीच आणला होता, मीच मागे घेते," एवढंच म्हणाल्या. वाचणाऱ्याला हवा तेवढा वेळ. एका बैठकीत तिघांनीच वाचलं तरी चालेल. यावर बराच गदारोळ झाला. "म्हणजे माझी पाळी पुढच्या वर्षी का?" पोस्टातल्या एकाने विचारलं. "आणि कुणी कादंबरीच आणली तर?" मास्तरांनी हिशेब मांडला की बावीस माणसांना आठ बैठका लागतील. मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "लागू देत. मी तरी कुठे जाणार आहे?" चार जण त्या महिन्यात सोडून गेले. त्यांतले दोघं चांगलं लिहिणारे होते, आणि जाताना बाईंना दोष देऊन गेले. पत्रकावरून ती ओळ गेली. तिच्या जागी बैठकीचा वार आणि वेळ आली.

बाईंनी दुकानात फोन केला नाही, तिकडून गेल्याही नाहीत. नवऱ्याने एकदा विचारलं, "माफी मागितलीस ना? मग अजून काय?" बाई ताटं उचलून ओट्याकडे गेल्या. त्यांना कथा सुचेनाशी झाली. एखादी कल्पना डोक्यात आली की त्या पहिल्यांदा तिच्या खिशात हात घालून बघत, ही आपलीच ना?

भिंगवाले आले ते सात महिन्यांनी. खोलीत अकरा माणसं होती. कुणालाही न विचारता ते समोर येऊन बसले, पिशवीतून वही काढली आणि चष्मा पुसला. "कथा आहे," म्हणाले.

ग्रह तोच होता. पण बाईंच्या कथेत त्या ग्रहावरची माणसं शांत, सोशिक, जवळजवळ पवित्र होती. भिंगवाल्यांची माणसं भांडकुदळ निघाली. सकाळी दिलेली शिवी संध्याकाळी पोहोचते, तोवर देणाऱ्याचा राग गेलेला असतो आणि घेणाऱ्याचा सुरू होतो. एक नवरा सकाळी बायकोला नको ते बोलतो आणि दिवसभर तिच्यासमोर बसून, ते शब्द तिच्यापर्यंत पोहोचायच्या आत तिला कसं बाहेर न्यावं याच्या युक्त्या लढवतो. लोक खो-खो हसले. मास्तरांना ठसका लागला. मध्ये मध्ये भिंगवाले थांबत, आणि त्या थांबण्यात पुढच्या वाक्याची अशी उत्सुकता साठे की हसू दुप्पट येई. वाचन पाऊण तास चाललं. पोस्टातल्या माणसाने दोनदा घड्याळ पाहिलं, तेही सगळ्यांना दिसलं. बाई ऐकत होत्या. त्यांच्या कथेत हे काहीच नव्हतं. अडखळणाऱ्या माणसाच्या कल्पनेला विनोद असेल असं त्यांना सुचलंच नव्हतं.

वाचन संपल्यावर टाळ्या झाल्या. गेल्या महिन्यात आलेली एक नवी सभासद उत्साहाने म्हणाली, "काय सुंदर! अगदी चिटणीसबाईंच्या पुरस्कारवाल्या कथेसारखी. त्यावरून सुचली का हो?"

भिंगवाल्यांनी वही मिटली आणि बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत 'बोला' नव्हतं आणि 'बोलू नका'ही नव्हतं. बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्यांना शंभर वाक्यं सुचली. त्यांनी त्यांतलं एकही उच्चारलं नाही. उत्तर त्यांच्या मालकीचं नव्हतं.

भिंगवाल्यांचे ओठ मिटले. मान वळली. सगळे थांबले.

"नाही," शेवटी ते म्हणाले. "म-माझी आधीची आहे." आणि जरा थांबून, "बाईंनाही आवडली होती."

नव्या मुलीने आनंदाने मान हलवली. तिला त्यातलं काही कळलं नाही. बाईंना सगळं कळलं. भिंगवाल्यांनी त्यांना वाचवलं नव्हतं आणि उघडंही पाडलं नव्हतं. जेवढं खरं होतं तेवढं आपल्या शब्दांत सांगून ते मोकळे झाले होते.

खुर्च्या रचून झाल्यावर दोघं एकाच वेळी बाहेर पडले. पायऱ्या उतरताना भिंगवाले म्हणाले, "मासिकाकडे पाठवतोय. संपादक परत करतील बहुतेक, तुमच्यावरून उचलली म्हणून."

"मी त्यांना..." बाईंनी सुरुवात केली आणि थांबल्या. "मी काही बोलायला हवंय का?"

भिंगवाल्यांनी विचार केला. "परत आली तर बघू," ते म्हणाले. "तेव्हा मी स-सांगेन."

कोपऱ्यावर ते उजवीकडे वळले. बाई डावीकडे वळून आपल्या बसच्या थांब्याकडे चालू लागल्या. जाताना त्यांना एवढंच वाटत होतं की ते 'तेव्हा' यावं, आणि येऊही नये.